वाईच्या पायऱ्या

घाट या शब्दाचे दोन्ही अर्थ वाईला एकाच दिवसात भेटतात. एक चढायचा आणि एक उतरायचा. चढायचा तो पसरणीचा. पुण्या-मुंबईची मंडळी गाड्यांच्या काचा वर करून त्या वळणावळणाच्या वाटेने पाचगणी-महाबळेश्वरच्या थंड हवेकडे धावत असतात. उतरायचा तो कृष्णेचा. त्याच्यासाठी मात्र गाडीतून खाली उतरावे लागते, जोडे काढावे लागतात आणि हाताशी थोडा रिकामा वेळ असावा लागतो. म्हणून पहिल्या घाटाची ख्याती फार आणि दुसऱ्याची त्या मानाने थोडी. "वाईला निघालो आहे," असे मी कॉलेजात कुणाला सांगितले की, "म्हणजे महाबळेश्वरला ना?" हा प्रश्न ठरलेला असतो. "नाही हो, वाईलाच," म्हटले की समोरच्या चेहऱ्यावर सहानुभूती उमटते.

वाई ही माझी सासुरवाडी. तेव्हा या गावाविषयी मी तटस्थपणे लिहीन अशी अपेक्षा वाचकांनी ठेवू नये. गावात आमच्या सासऱ्यांचे घर कुठल्या आळीत आहे, तेही मी मुद्दाम सांगत नाही. वाईत सात आळ्या आणि सात घाट. एका आळीचे नाव घेतले की उरलेल्या सहांचा रोष ओढवतो, आणि दिवाळसणाला जावयाचा पाट मांडून झाल्यावरही हे वाद रंगतात, हा माझा वीस वर्षांचा अनुभव आहे.

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आणि भीमकुंड, ही ती नावे. नदीच्या काठाने ही नावे मनाशी म्हणत गेले तर गावाचा नकाशाच पाठ होतो. महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा धोमवरून खाली येते आणि पहिले मोठे गाव पाहते ते हे. तोवर ती पोरसवदाच असते. पुढे माहुलीला वेण्णा भेटायची, कऱ्हाडला कोयना भेटायची आणि मग बंगालच्या उपसागरापर्यंतचा पाऊणशे-शंभर नव्हे, चांगला चौदाशे किलोमीटरांचा संसार करायचा. वाईत ती अजून माहेरी आहे. गावातली माणसेही तिला नुसते 'कृष्णा' म्हणत नाहीत. ती 'कृष्णाबाई'. पूर आला की तिची ओटी भरायची, आणि पाणी फारच चढले की जुन्या बायका पायरीवर उभ्या राहून "बाई, आता पुरे गं," असे घरच्या लेकीला म्हणावे तसे म्हणायच्या.

घाट बांधले ते मुख्यतः पेशवाईच्या ऐन भरात. रास्ते हे इथले मोठे घराणे. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई या रास्त्यांच्याच कन्या. त्या नात्याने रास्त्यांच्या घरात वैभव आले आणि त्यांनी त्यातला बराच भाग नदीकाठी दगडात घातला. गणपती घाटावरचे ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ च्या सुमारास उभारले. त्याच्या शेजारचे काशीविश्वेश्वराचे देऊळ त्याच घराण्याचे, त्याच्याही थोडे आधीचे. ढोल्या गणपतीची भव्य मूर्ती पाहायला लोक येतात, नमस्कार करून जातात. मी मात्र माझ्याबरोबर येणाऱ्या प्रत्येकाला देवळाच्या मागे नेतो. मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे. प्रवाहाच्या बाजूला ती निमुळती होत गेली आहे. पुराचे पाणी येऊन सपाट भिंतीवर थडकले तर भिंत ढासळेल. तेच या निमुळत्या कडेवर दुभंगले की दोन्ही अंगांनी वाहून जाईल. अडीचशेहून अधिक पावसाळे ही युक्ती चालते आहे. त्या गवंड्याने पाणी अडवायचा हट्ट धरला नाही, त्याला वाट करून दिली. नदीकाठी काही बांधू पाहणाऱ्या आजच्या इंजिनियरांना निविदा भरण्यापूर्वी या भिंतीमागे तासभर बसवावे, असे मला फार वाटते.

घाट ही नुसती पायऱ्यांची रांग असते असे आपल्याला वाटते. पण जरा बारकाईने पाहिले तर त्यात केवढा विचार आहे! नदीची पातळी वर्षभर बदलते. ज्येष्ठात ती तळाला असते, श्रावणात देवळाच्या जोत्याला भिडते. पायऱ्या अशा की पाणी कितीही वर-खाली झाले तरी कुठली ना कुठली पायरी नेमकी पाण्याच्या कडेला असतेच. मधूनमधून रुंद टप्पे. घागर टेकवायला, धुणे पिळायला, संध्येला बसायला, मेलेल्याचे दहावे करायला, आणि काहीच करायचे नसेल त्याला नुसते बसायला. एकाच दगडावर एवढे सगळे चालायचे, आणि कुणी कुणाच्या आड येत नसे, कारण प्रत्येकाची वेळ ठरलेली होती. पहाट स्नानाची, सकाळ धुण्याची, दुपार पोहणाऱ्या पोरांची, संध्याकाळ म्हाताऱ्यांची. नगररचनेच्या पुस्तकांत आता याला मोठाली नावे आहेत.

या पायऱ्यांवर विद्वत्तेचीही वर्दळ कमी नव्हती. नारायणशास्त्री मराठे यांनी, म्हणजे पुढच्या केवलानंद सरस्वतींनी, इथे प्राज्ञपाठशाळा चालवली. १९१७ च्या सुमारास विनोबा वेदान्त शिकायला त्यांच्यापाशी येऊन राहिले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी याच पाठशाळेत घडले आणि त्यांच्यामुळेच मराठी विश्वकोशाचे काम मुंबई-पुण्याला न होता या लहानशा गावात उभे राहिले. पहिला खंड १९७६ साली निघाला. आमच्यासारखे मराठीचे मास्तर त्या निमित्ताने वाईला येत. सकाळी नोंदींवर वाद घालायचा आणि संध्याकाळी तोच वाद घाटावर नेऊन बुडवायचा, असा क्रम असे, असे आमचे एक गुरुजी सांगायचे.

आता इथवर वाचून कुणाला वाटेल की हे सारे अजून तसेच असेल. तसे नाही. माझे लग्न झाले तेव्हा आमच्या घरच्या मंडळींना मी प्रथम घाटावर घेऊन गेलो, तर हिनेच मला परत ओढून आणले. "नको, वास येतो," म्हणाली. ज्या पायऱ्यांवर ती लहानाची मोठी झाली, पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून जिथे ती पोहायला शिकली, त्या पायऱ्या नवऱ्याला दाखवायची तिला लाज वाटत होती. खालच्या टप्प्यावर गाळ साचून वाळलेला, त्यात हार, फुटक्या तसबिरी, नारळाच्या शेंड्या आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या. पिशवीत काय, तर निर्माल्य! देवाचे म्हणून ते केरात टाकायचे नाही, आणि पिशवी हातात धरवत नाही म्हणून तीही नदीलाच द्यायची. पाण्यावर जलपर्णीचा हिरवागार गालिचा. लांबून पाहणाऱ्याला वाटावे, काय हिरवळ आहे!

हे असे का झाले, याची चर्चा आमच्या सासऱ्यांच्या ओसरीवर अनेकदा झाली आहे. एक पक्ष म्हणतो लोक बिघडले, दुसरा म्हणतो नगरपालिका बिघडली. मला वाटते, पहिली गोष्ट घडली ती अगदी चांगली होती. घरोघर नळ आले. ज्या बाईने डोक्यावर घागर आणि काखेत कळशी घेऊन पन्नास पायऱ्या चढल्या आहेत, तिला नळाची थोरवी विचारा. पण नळ आला आणि नदीशी रोजचा व्यवहार तुटला. जे पाणी आपण पितो ते पाणी आपण राखतो. पिण्याचे पाणी नळातून येऊ लागल्यावर नदीकडे वळली ती घरातली मोरी. सांडपाण्याला उताराची वाट लागते, आणि गावातले सारे उतार नदीकडेच जातात. रास्त्यांनी ज्या उताराचा उपयोग करून घाट बांधले, त्याच उताराने गटारे खाली आली.

दुसरी गोष्ट धरणाची. वरच्या अंगाला धोमला धरण झाले आणि खालच्या शेतांना बारमाही पाणी मिळाले. वाईची हळद पूर्वीपासून नावाजलेली. आता उसाची भर पडली. या धरणाला नावे ठेवणे कृतघ्नपणा होईल. पण घाटाच्या दृष्टीने एक फरक पडला. नदी पूर्वी आपल्या लहरीने वाहायची, आता ती पाटबंधारे खात्याच्या वेळापत्रकाने वाहते. पावसाळ्याच्या सुरुवातीचे लहानमोठे लोंढे पात्र खरवडून साफ करायचे. ते आता धरणाच्या पोटात जिरतात. उन्हाळ्यात पाणी सुटले तर नदी, नाही तर डबकी. साचलेल्या पाण्यात सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद उतरला की जलपर्णीला दुसरे काय हवे? शेतकरी पिकाला जे पोती मोजून विकत घालतो ते तिला फुकट मिळते. ती यंत्राने काढा, हाताने काढा, सांडपाणी येत राहिले की ती पुन्हा माहेरपणाला हजर.

मधल्या काळात वाईच्या घाटाला एक वेगळेच वैभव आले. सिनेमावाले आले. 'गंगाजल' हा २००३ चा चित्रपट बिहारचा म्हणून लोकांनी पाहिला. त्यातले गाव पुष्कळसे वाई आणि आसपासचे. 'स्वदेस' २००४ चा, त्यातले खेडे म्हणजे नाना फडणविसांचे मेणवली. पुढे 'दबंग' २०१० साली आला आणि वाई एकदम उत्तर प्रदेशात गेली. कृष्णाबाईने कधी गंगेचे सोंग घेतले, कधी आणखी कुणाचे. माझे विद्यार्थी घाटाचे चित्र पाहून "सर, हे बनारस ना?" असे विचारतात. चित्रीकरणाच्या आदल्या दिवशी घाट धुऊन लख्ख व्हायचा, पताका लागायच्या, दिवे लागायचे आणि मंडळी पाठमोरी झाली की चार दिवसांत पुन्हा पहिले पाढे. घाट स्वच्छ करता येतो, आणि तोही एका रात्रीत, हे मात्र त्यामुळे गावाला कळले! सासरे म्हणायचे, "सलमान खानासाठी होतं, ते आपल्या म्हातारीच्या दहाव्याला का होऊ नये?"

मेणवलीचे नाव आलेच आहे तर दोन शब्द सांगून टाकतो. वाईहून ते तीनेक किलोमीटरांवर. नानांचा वाडा, त्यामागे चंद्रकोरीसारखा वळलेला घाट आणि काठावर मेणेश्वराचे देऊळ. तिथल्या घंटेवर बाळ येशूला घेतलेली मेरी कोरलेली आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ त वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांच्या देवळांत गेल्या, त्यांतली ही एक. मेणवलीचा घाट देखणा राहिला आहे, कारण त्याच्यामागे शहर नाही. वाईची अवघड गोष्ट अशी की तिथे घाटामागे नांदते गाव आहे. निर्जन जागा राखणे सोपे. नांदती जागा राखायची म्हणजे रोज कुणाला तरी काही तरी सांगावे लागते.

हे सांगण्याचे काम वाईत काही मंडळींनी अंगावर घेतले. रविवारी सकाळी घाटावर जाल तर ती दिसतात. मी प्रथम पाहिली तेव्हा पाचसहा जण होते. एकदोन बँकेतून निवृत्त झालेले, एक दुकानदार, कॉलेजातली दोन पोरे. हातांत फावडी, घमेली आणि लांब बांबूला बांधलेले आकडे. कुठे फलक नाही, भाषण नाही. पुढच्या खेपेला गेलो तर संख्या वाढलेली होती आणि त्यात आमचे सासरे होते. सत्तरी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळातही खुर्ची मागणारा, तो तिथे पायरीवर बसून पिशव्यांतून निर्माल्य सोडवत होता. फुले एका टोपलीत, सुतळी दुसरीत, प्लॅस्टिक तिसरीत. "जावईबापू, बसा," म्हणाले, "तुमचं मराठी साहित्य नंतर. आधी हा मजकूर निवडू लागा."

त्या सकाळी मी जे शिकलो ते कुठल्याही पुस्तकात वाचले नव्हते. गाळ वाळू द्यायचा नाही, ही पहिली गोष्ट. पूर ओसरू लागला की पाणी जसजसे एकेक पायरी खाली उतरते तसतसा त्याच्या मागोमाग गाळही पाण्यातच लोटत जायचे. तेव्हा तो लोण्यासारखा सरकतो. दोन दिवस उशीर केला, ऊन पडले, की त्याचा दगड होतो. मग त्याला पहार लागते आणि पहारीने पायरीच्या कडा उडतात. पूर्वी आळीतले लोक पूर उतरताना रात्रीसुद्धा हे काम करीत. दुसरी गोष्ट पिंपळाची. दगडांच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून बी पडते, रोप येते. कोवळे असताना दोन बोटांनी उपटता येते. देवाचे झाड म्हणून कुणी हात लावला नाही तर दहा वर्षांत मुळे आत शिरून चारचार मणांचे दगड उचलतात. तिसरी गोष्ट चुन्याची. जुने सांधे चुन्याचे आहेत. चुना ओल शोषतो आणि सोडतो. त्यावर सिमेंट थापले की ओल आत कोंडते आणि दगडाची कड खायला लागते. वर सिमेंटाची दुरुस्ती शाबूत आणि भोवतालचा दगड झिजलेला, असे दृश्य आपल्याकडच्या कितीतरी घाटांवर दिसेल.

याहून मोठी भीती मला वाटते ती सुशोभीकरण या शब्दाची. मराठीचा शिक्षक या नात्याने मला तो शब्द आवडत नाही, आणि नदीकाठच्या लोकांना तर तो मुळीच आवडू नये. जे मुळात शोभिवंत नाही त्याला शोभा आणावी लागते. वाईच्या काळ्या दगडाला रंगीत फरश्या, कारंजी आणि रंग बदलणारे दिवे कशाला हवेत? नाशिकला गोदावरीच्या पात्रातल्या जुन्या कुंडांच्या तळाशी २००३ च्या सिंहस्थाच्या सुमारास काँक्रीट ओतले गेले. सोय झाली खरी, पण कुंडांतले जिवंत झरे त्याखाली गाडले गेले, आणि ते काँक्रीट काढावे म्हणून पुढे नागरिकांना न्यायालयाची पायरी चढावी लागली. अहमदाबादचा साबरमतीकाठ २०१२ पासून लोकांना खुला झाला. लांबचलांब, सुरेख, फिरायला मोठी मौज. पण तिथे पात्रात जे भरलेले पाणी दिसते ते नर्मदेच्या कालव्यातून आणलेले. मोठ्या शहराला ते परवडते. लहान गावाने तशी हौस केली तर काठ पुण्याचा आणि पाणी गटाराचे, अशी गत होईल.

गावात यावर एकमत आहे असे मात्र समजू नका. ओसरीवर एका तरुण ठेकेदाराशी माझी जुगलबंदी झाली. तो म्हणाला, "सर, तुम्ही दोन दिवस येता. आम्हाला इथं धंदा करायचा आहे. पाचगणीला जाणारा पाहुणा इथं तासभर थांबला तर दहा घरं जगतील. त्याला दिवे लागतात, स्वच्छतागृह लागतं, गाडी लावायला जागा लागते. तुमच्या काळ्या दगडावर तो किती वेळ बसेल?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. स्वच्छतागृहाविषयी तर तो शंभर टक्के बरोबर होता. आमच्या लिहिणाऱ्या लोकांच्या घाटवर्णनात ते कधीच येत नाही. गाड्यांविषयी मी म्हटले, "त्या नदीपासून लांब लावा आणि पाहुण्याला चालत आणा. वाटेत तुमची दहा दुकानं पडतील." हे त्याला पटले. दिव्यांवर तडजोड झाली नाही. तो निळ्या दिव्यांवर अडून बसला, मी पिवळ्यावर. सांडपाणी आधी की दिवे आधी, या प्रश्नावर मात्र तो गप्प राहिला, कारण सांडपाण्याच्या नळाचे उद्‌घाटन करायला कुणी मोठा माणूस येत नाही हे त्यालाही ठाऊक होते.

विसर्जनाचा प्रश्न याहून नाजूक. ढोल्या गणपतीच्या गावात गणपती नदीत सोडू नका, असे कुणी कुणाला सांगायचे? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० साली मूर्तिविसर्जनाविषयी सूचना काढल्या आणि २०२० साली त्या आणखी कडक केल्या. पण कागद दिल्लीहून येतो आणि मूर्ती घरातून निघते. इथे उपयोगी पडल्या त्या आळीतल्या आजीबाई. आमच्या सासूबाईंनी एका भाद्रपदात शाडूची लहान मूर्ती आणली आणि अंगणात पितळी घंगाळात विसर्जन केले. शेजारणीने विचारले, "काकू, हे शास्त्रात बसतं का?" त्या म्हणाल्या, "घंगाळात पाणी कृष्णाबाईचंच आहे. ती आपल्याकडे आली तर काय बिघडलं? एरवी आपणच जातो की." पुढल्या वर्षी त्या आळीत घंगाळे वाढली. धर्मकोश रचणाऱ्या गावात हा निर्णय इतक्या सहज लागला याची मला मौज वाटली.

माझ्या समजुतीप्रमाणे वाईच्या घाटांची खरी भिस्त आहे ती कृष्णाबाईच्या उत्सवावर. माघात तो सुरू होतो आणि आळीआळीने पुढे जातो. प्रत्येक घाटाची पाळी ठरलेली. अफजलखान वाईत तळ देऊन बसला असताना, महाराजांना यश मिळावे म्हणून कृष्णाबाईला नवस बोलले गेले आणि प्रतापगडावर १६५९ च्या नोव्हेंबरात खान पडल्यावर तो फेडला, तेव्हापासून हा उत्सव, अशी परंपरा सांगतात. मांडव पडतो, देवी बसते, कीर्तने होतात, एका दिवशी सारी आळी पंगतीला बसते. आता, आपल्या घाटावर उरलेल्या सहा आळ्यांतले लोक येणार म्हटल्यावर घाट घाण ठेवून कसे चालेल? घरी पाहुणे यायचे म्हणजे ओसरी सारवायची, तसेच हे. सरकारी योजनेला पाच वर्षांची मुदत असते. या योजनेला साडेतीनशे वर्षांत मुदतवाढ मागावी लागलेली नाही. नदीला गावाने सात वाटे केले नाहीत, तिची सात माहेरे केली, आणि प्रत्येक माहेराला वाटते की लाड आपल्याकडेच जास्त व्हावेत. ही चढाओढ कायम राहिली तर घाटही राहील असे मला वाटते. उत्सवाचा मांडव घाटावरून उठून एखाद्या मंगल कार्यालयात गेला, की मग नुसत्या रविवारच्या फावड्यांनी भागायचे नाही.

आमची कन्या नववीत आहे. आईसारखे आपणही कृष्णेत पोहायला शिकावे असे तिच्या मनात आहे. पुण्यात क्लोरिनच्या तलावात ती शिकली आहे, पण आजोळी त्याला कुणी पोहणे मानत नाही. गेल्या खेपेला ती आजोबांबरोबर घाटावर गेली. गाळ काढल्यामुळे खालच्या, मी कधी न पाहिलेल्या, दोन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. आजोबा काठीने मोजून दाखवत होते: आमच्या लहानपणी ह्या पायरीवर उभे राहून सूर मारायचो, ही तिसरी, जिच्यावर तुझी आई घसरली. पोरगी पाण्यात पाय सोडून बसली. उतरू का, म्हणाली. आजोबांनी वरच्या अंगाला, जिथे एक नाला नदीला मिळतो तिकडे पाहिले. "अजून नाही," म्हणाले. तिने विचारले, "मग केव्हा?" त्यावर त्यांनी जे उत्तर दिले ते मला आवडले. त्यांनी आशा दाखवली नाही की निराशाही. नाल्याचे पाणी कुठे अडवायचे, शुद्ध करून कुठे सोडायचे, त्याला किती काळ लागेल, याचा हिशेब ते तिला पायरीवर खडूने काढून दाखवू लागले. तिचे गणित कच्चे. पण तो हिशेब तिने वहीत उतरवून घेतला आहे.

संध्याकाळी घरी आळीची बैठक होती. उत्सवाला अवकाश होता, पण पंगतीचा विषय लवकर काढावा लागतो. थर्माकोलच्या ताटांना राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी "बाजारात मिळतात हो कुठंतरी," असे एकाने सुचवून पाहिले. पत्रावळींच्या बाजूने मत पडले. मग प्रश्न निघाला मोठ्या भांड्यांचा. भाताचे हंडे, आमटीची पातेली पूर्वापार घाटावरच घासायची चाल. सासूबाई आतून म्हणाल्या, "यंदा घाटावर राखसुद्धा न्यायची नाही. मांडवामागं टाकी बसवा आणि तिथं घासा."

"काकू, टाकी भरायला टँकर लागेल," कुणी तरी म्हणाले. "नदीच्या काठावर टँकर! लोक हसतील."

"हसू देत."

टँकरच्या खर्चावर अर्धा तास वाद झाला. सासऱ्यांनी पानाचा डबा पुढे केला, वर्गणीची वही उघडली आणि पहिला आकडा जावयाच्या नावावर मांडला.